बुडालेल्या खोऱ्याची सहल

हौशी : पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी सर्वांत देखणी वाट कोणती, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेतो : मुळशी. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकलं की डोंगर जवळ येतात आणि मग एकदम पाणी दिसतं. तिथून दक्षिणेचा काठ धरून ताम्हिणीपर्यंत जायचं. विंझाईच्या देवळात थोडं टेकायचं. निव्यावरून उत्तरेला पिंपरी, भांबर्डे, सालतर, आंबवणे करत लोणावळ्याला बाहेर पडायचं. सगळा दिवस पाणी या ना त्या बाजूला असतंच. सप्टेंबरच्या शेवटी गेलास तर उतारांवर सोनकी फुललेली असते, खाचरांत भात पोटरीला आलेलं असतं, आणि धुकं असं हलतं की तेच तळं दर वळणावर नवं वाटतं. महाराष्ट्रात याच्या तोडीच्या वाटा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तू मात्र दर वेळी नाक मुरडतोस.

शंकेखोर : वाट देखणी आहे हे मी कधीच नाकारलं नाही. तू तिच्याबद्दल बोलतोस ती तऱ्हा मला खटकते. सोनकी, धुकं, भात आणि पाणी हे सगळं तू एका दमात म्हणतोस, जणू चारही गोष्टी सह्याद्रीने सारख्याच उदारपणे दिल्या आहेत. पाणी सह्याद्रीने तिथे ठेवलेलं नाही. ते नीळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात अडवून ठेवलंय, १९२०च्या दशकात, टाटांच्या वीज कंपनीने. त्याच्या खाली गावं आहेत. बावन्न म्हणतात, काही जण चोपन्न म्हणतात. माणसं अकरा हजारांच्या घरात. तू ज्याला तळ्याचा विस्तार म्हणतोस ती त्यांची भातशेती. मुळशीचा आंबेमोहोर आज भौगोलिक मानांकनाचा शिक्का घेऊन मिरवतो. त्या तांदळाचं मूळ खोरं अर्ध्याहून जास्त वर्ष पाण्याखाली असतं. हे माहीत असून माणूस नुसतं ‘वा, काय व्ह्यू आहे’ कसं म्हणू शकतो, हा माझा प्रश्न आहे.

हौशी : मग तुझ्या हिशेबाने आपण कुठेच जाऊ नये. कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतला. खडकवासला १८७९मध्ये पुरं झालं. मुंबईचा विहार तलाव १८६०चा. पुण्या-मुंबईचा माणूस पाण्याकाठी म्हणून जिथे जाऊन बसतो, त्यातलं बहुतेक सगळं पाणी माणसाने अडवलेलं आहे. दख्खनच्या या काळ्या दगडावर नैसर्गिक मोठी सरोवरं आहेतच किती? लोणार सोडलं तर पटकन दुसरं नाव आठवत नाही. आणि नुसत्या पाण्याचंच का? ज्या भातखाचरांबद्दल तू हळवा होतोस, तीही कुणीतरी जंगल तोडून, बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या माती अडवून केलेली आहेत. माणसाचा हात लागलेला प्रदेश सुंदर वाटून घ्यायचाच नाही असं ठरवलं, तर सौंदर्य म्हणायला फक्त कडे उरतील. आणि त्या कड्यांवरही आपण किल्ले बांधून ठेवलेत.

शंकेखोर : हात लागला ही तक्रार नाही. हात कुणाचा, आणि ज्यांच्या अंगणात घातला त्यांना विचारून घातला का, ही तक्रार आहे. खाचर बांधणारा आणि त्यातला भात खाणारा एकच होता. खडकवासल्याचं पाणी निदान खाली पुण्याला आणि पुढच्या शेतीला मिळत होतं. मुळशीचं पाणी मुळशीसाठी नव्हतंच, पुण्यासाठीही नव्हतं. ते घाटाखाली सोडून त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी ती योजना. रीतसर संपादन व्हायच्या आधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले, आणि लोकांना धरणाची पहिली बातमी त्या चरांनीच दिली. पुढचं तुला ठाऊक आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे १,२०० मावळे बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे लोकांना संघटित करत होते, पांडुरंग महादेव बापट पुढे आले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केलं. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. नर्मदा आंदोलनाच्या साठ वर्षं आधीची ही गोष्ट. आणि ती जिथे घडली त्या काठावरून आपण गाणी लावून जातो.

हौशी : व्होरांचा दाखला दिलास ते बरं केलंस. त्याच ग्रंथात जे आहे त्यातलं अर्धंच तू सांगतोयस. खोऱ्यातली किती जमीन कसणाऱ्या मावळ्यांच्या नावावर होती? बरीचशी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या मालकीचीच होती. मावळा कूळ होता. सावकार सुरुवातीला सत्याग्रहाबरोबर होते, कारण जमीन जात होती ती त्यांचीही. नुकसानभरपाईचे आकडे पुढे आल्यावर त्यांच्यातल्या पुष्कळांना व्यवहार परवडणारा दिसला आणि ते बाजूला झाले. गांधीजींनी एप्रिल १९२१मध्येच ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिलं, लोकांची बाजू घेतली, पुढे लढ्याचं वळण पाहून तेही दूर राहिले. बहुतेकांनी भरपाई घेतली आहे आणि नेत्याचा अहिंसेवर पुरता विश्वास नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९२४च्या अखेरीला बापटांनी हत्यार घेऊन बांधकामाची रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली, आणि लढा संपला. एका बाजूला निष्पाप खोरं आणि दुसऱ्या बाजूला राक्षस कंपनी, असं चित्र काढलंस की ते पोस्टर होतं. मी तळं पाहून हुरळतो असं तुला वाटतं; तूही तुझी गोष्ट सांगताना हुरळतोसच की.

शंकेखोर : सावकारांचा मुद्दा मान्य. पण तो तुझ्या बाजूने जात नाही. कूळ म्हणजे काय, तर कसणारा तो, आणि कागदावर मात्र दुसराच. भरपाई कागद बघून मिळते. म्हणजे ज्याची जमीन गेली त्याला पैसे मिळाले आणि ज्याचं जगणं गेलं त्याच्या हाती फारच थोडं आलं. खोऱ्याचं दोनदा नुकसान झालं : आधी गहाणखतात, मग पाण्यात. पुण्याचा मध्यमवर्ग या लढ्यात दोन्ही बाजूंना होता हे मी कबूल करतो, आणि त्यामुळे तर आपली अस्वस्थता वाढायला हवी, कारण आजच्या सहलीला जाणारे आपणच त्या वर्गाचे वारस आहोत. बापटांच्या हत्याराचं म्हणशील, तर तीन वर्षं शांतपणे बसून, तुरुंगात जाऊन, सगळे मोठे पाठीराखे एकेक करून निघून गेल्यावर माणूस काय करतो, याचा तो पुरावा आहे. तो मार्ग बरोबर होता असं मी म्हणत नाही. शांततेच्या मार्गाने तिथे काय पदरात पडलं हेही मग त्याच दमात सांगितलं पाहिजे.

हौशी : सांगतो. पण त्या विजेचं काय झालं हेही मग सांगू दे. जमशेटजी टाटांना ही कल्पना मुंबईच्या गिरण्यांसाठी सुचली. तेव्हा गिरण्या कोळशावर चालत होत्या, आणि तो कोळसा लांबून आणावा लागे. शहरावर धुराचं छप्पर होतं. सह्याद्रीची रचना अशी की नदी उगम पावते पश्चिमेच्या कड्यापाशी आणि वाहते पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. कड्याच्या काठावर पाऊस प्रचंड आणि काठाच्या पलीकडे सरळ उतार. कड्याजवळ पाणी अडवून ते उलट्या बाजूला सोडलं तर सुमारे ५०० मीटरची उंची मिळते. खोपोलीचं वीजगृह १९१५मध्ये चालू झालं, भिवपुरीचं १९२२मध्ये, मुळशीच्या पाण्यावरचं भिऱ्याचं १९२७मध्ये. त्या विजेवर गिरण्या चालल्या, आणि त्या गिरण्यांत भाकरी मिळवली ती कोकणातल्या आणि घाटावरच्या मराठी माणसांनीच. परळ-लालबागच्या चाळींमधलं सगळं जग, त्यातली नाटकं, भजनी मंडळं, लाल झेंडे, या विजेशिवाय कसं उभं राहिलं असतं? मुळशीला द्यायचं ते दिलं गेलं नाही, हे खरं. पण जे घेतलं ते काही एका शेठजीच्या तिजोरीत जाऊन बसलं नाही.

शंकेखोर : गिरणगावाचं नाव काढलंस म्हणून एक सांगतो. मुंबईत लोअर परळच्या गिरण्यांच्या कडेने जो रस्ता जातो, त्याचं जुनं नाव तुळशी पाईप रोड. तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून पडलेलं. आज त्या रस्त्याचं नाव सेनापती बापट मार्ग आहे. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्यांच्याच दारावरून मुळशीच्या सेनापतीचा रस्ता जातो. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा संबंध माहीत असेल? आपण रस्त्यांना माणसांची नावं देऊन मोकळे होतो आणि त्यांची मागणी विसरतो. माले गावी बापटांचं स्मारक आहे. तुझ्या त्या देखण्या वाटेवरच ते लागतं. गाड्या थांबतात त्या पुढे, जिथे पाणी चांगलं दिसतं तिथे. आणि भाकरीचं म्हणशील, तर हिशेब असा मांडता येत नाही की इथे अकरा हजार उठले, तिथे लाखभर पोसले, म्हणून बरोबरी झाली. पोसले गेले त्यांनी उठवल्या गेलेल्यांचं देणं दिलं का, हे विचारावं लागतं. काठावर वर सरकून बसलेल्या वस्त्यांपर्यंत वीज पोचायला काही दशकं लागली. तिथल्या अनेक घरांखालची जमीन अजूनही त्यांच्या नावावर नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली जागा दुसरी दाखव.

हौशी : ते दाखवू शकत नाही. पण आता पाणी जिथे जातं तिथपर्यंत माझ्याबरोबर चल, कारण तुझी गोष्ट नेहमी धरणाच्या भिंतीपाशी संपते. ताम्हिणीचा घाट उतरून विळ्याला ये, तिथून पाटणूसमार्गे भिऱ्याला. वीज करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत सोडलं जातं. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात दगडगोट्यांचे पट्टे होतात. कुंडलिका भर मे महिन्यात वाहते. कोलाडला रबरी होड्यांतून जो राफ्टिंगचा खेळ चालतो तो याच सोडलेल्या पाण्यावर. सकाळी किती वाजता होड्या सोडायच्या हे वीजगृहाच्या वेळेवर ठरतं. त्याच खोऱ्यातली शेती, रोह्याचे कारखाने, वाटेवरच्या गावांचं पिणं, हे सगळं गेल्या शंभर वर्षांत या पाण्याभोवती वाढलं. शंभर वर्षांपूर्वी या पाण्यावर मुळशीचा हक्क होता, हे तू म्हणतोस. आज कोलाडच्या शेतकऱ्याचा नाही का? एकदा केलेल्या अन्यायावर दुसऱ्या कुणाचं तरी निष्पाप आयुष्य उभं राहतं. तो अन्याय उलटवायला गेलास तर नवा करावा लागेल.

शंकेखोर : हा तुझा आतापर्यंतचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि मला त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. पण त्याची दुसरी बाजू दाखवतो. कुंडलिकेला मिळणारं पाणी भीमेचं आहे. मुळा मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. टाटांची ही सगळी धरणं मिळून भीमेच्या खोऱ्यातलं किती पाणी पश्चिमेला वळवू शकतात, याची मर्यादा कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने घालून दिली : एका वर्षात ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि कोणत्याही सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी बेचाळीसच्या वर. सोलापूर जिल्ह्यात टँकर फिरत असताना याच भीमेचं एवढं पाणी कड्यावरून पलीकडे टाकलं जातं, वीज झाल्यावर त्यातलं पुष्कळसं अरबी समुद्राला मिळतं. दर मोठ्या दुष्काळात मागणी होते की हे पाणी पूर्वेला वळवा, समित्या बसतात, पाऊस येतो, विषय मिटतो. तू कोलाडच्या शेतकऱ्याचं नाव घेतलंस. मी मोहोळ-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचं घेतो. तुझ्या त्या निवांत तळ्यावर आज किमान तीन खोरी आपला हक्क सांगत उभी आहेत, आणि काठावर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला त्यातलं एकही दिसत नाही. माझा राग पाहुण्यावर नाही. त्याला जे दिसतं ते इतकं पुरतं आणि इतकं सुंदर असतं की आणखी काही शोधावंसं त्याला वाटतच नाही, यावर आहे.

हौशी : पण मग पाहुणा तिथे गेलाच नाही तर त्याला अधिक दिसेल का? उलट मी म्हणतो, या खोऱ्याची आठवण आज कुणी थोडीफार जागवत असेल तर ती रस्त्याने. धरण बघून एखादा विचारतो, हे कुणी बांधलं? त्याला सत्याग्रहाचं नाव कळतं. शंभरातल्या दोघांना का होईना, कळतं. ग्रंथ वाचून या वाटेला लागणारे तेवढेही नसतील. आणि काठावर कणसं भाजणारी, भजी तळणारी, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चार पैसे गाठीला बांधणारी माणसं कोण आहेत? पुष्कळ ठिकाणी त्याच वर सरकलेल्या वस्त्यांमधली. त्यांच्या आजोबांच्या दुःखाचा मान राखायचा म्हणून मी घरी बसलो, तर नातवाचा शनिवार बुडतो. तुझी अस्वस्थता पुण्यात बसून बाळगायला फार स्वस्त आहे. त्यापेक्षा गाडी थांबवून त्याच्याकडचा चहा पिणारा मला अधिक उपयोगी वाटतो.

शंकेखोर : चहा जरूर पी. पण भजीच्या गाडीला पुनर्वसन समजू नकोस. ती गाडी पावसाळ्याचे तीन महिने चालते, आणि हुल्लड वाढली की प्रशासन बंदीचा आदेश काढतं तेव्हा पहिली तीच बंद होते. रिसॉर्ट बारा महिने चालतं, आणि त्याचा मालक बहुधा शहरातला असतो. मला त्याहून खोल काहीतरी बोचतं. तुला या वाटेचं सर्वांत जास्त काय आवडतं? तूच अनेकदा सांगितलंस : तिथली शांतता. मैलोन्‌मैल वस्ती नाही, दिवे नाहीत, पाण्याच्या पलीकडे नुसता डोंगर. ती शांतता आली कुठून? खोऱ्याचा तळ, जिथे माणसं राहायची, तो भाग नाहीसा झाला म्हणून. आपण ज्याला निसर्गाचा एकांत म्हणतो तो तिथे माणसं हलवून तयार केलेला आहे. ही आनंदाला लागलेली किरकोळ खोट असती तर मी गप्प बसलो असतो. पण तो आनंदाचा कच्चा मालच आहे.

हौशी : हे बोचलं. खोटं कशाला बोलू. पण बोचलं म्हणून पटलं असं नाही. आता तू एक प्रयोग कर : धरण झालंच नसतं असं धर. मुळशीचं खोरं आज कसं असतं? तुझ्या डोळ्यांसमोर आंबेमोहोराची खाचरं आणि कौलारू घरं येतात. माझ्या डोळ्यांसमोर भूगाव आणि पिरंगुट येतं, कारण तीही एके काळी खाचरांचीच गावं होती आणि त्यांच्यावर कुठलंही धरण आलं नाही. आज तिथे टोलेजंग सोसायट्या, गोदामं, प्लॉटिंगचे फलक आणि सकाळ-संध्याकाळची कोंडी आहे. शेजारच्या मोसे खोऱ्यात वरसगावच्या पाण्याकाठी लवासा उभं राहिलं, डोंगर कापून. मुळशीच्या काठाचा मोठा भाग त्यातून वाचला, कारण जमीन एका कंपनीच्या हातात राहिली आणि ती तुकड्या-तुकड्यांनी बाजारात आली नाही. वर २०१३मध्ये ताम्हिणीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू, गरुड, देवराया आज तिथे आहेत. मला हे सांगताना आनंद होत नाही, पण ज्या मालकीने माणसांना उठवलं तिनेच जंगल राखलं, असं दिसतं.

शंकेखोर : दिसतं खरं. आणि म्हणूनच मी ‘धरण नसतं तर’ या वाक्याला भितो. त्या वाक्यात मुळशीच्या लोकांना दोनच भविष्यं मिळतात : बुडणं किंवा विकलं जाणं. तिसरं काही ते स्वतः घडवू शकले असते, ही शक्यता आपण त्यांना देतच नाही. भूगावच्या माणसाने जमीन विकली, कदाचित चुकीची विकली, पैसा उडवला असेल. पण विकायची की नाही हे ठरवायला तो जिवंत होता आणि सातबारा त्याच्या हातात होता. मुळशीच्या माणसाला चूक करायचीही संधी मिळाली नाही. जंगल राखलं गेलं याचा मला आनंद आहे. पण लोकांना हटवलं म्हणून निसर्ग वाचला हा युक्तिवाद एकदा मान्य केला, की तो उद्या कुठेही वापरता येतो. अभयारण्यातल्या धनगरवाड्यांना आणि कातकरी वस्त्यांना विचार, तो त्यांच्या ओळखीचा आहे.

हौशी : तू प्रश्न भूतकाळात धरून ठेवतोस तोवर आपण असेच गोल फिरत राहणार. तळं आहे. ते रिकामं होणार नाही. माझ्या मते त्याची गरज उलट वाढणार आहे. सूर्य मावळला की सौरवीज संपते, आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू करता येतो, म्हणून संध्याकाळच्या भाराला तो लागतो. आता तर दिवसा जादा विजेवर खालचं पाणी वर चढवायचं आणि रात्री परत सोडायचं, असे पंप स्टोरेज प्रकल्प सह्याद्रीत जागोजाग येऊ घातलेत. भिऱ्याला तसा एक संच नव्वदच्या दशकापासून आहे. २०२३मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन मोठ्या प्रकल्पांचा करार केला : शिरवट्याला १,८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १,००० मेगावॉट. कोळसा जाळायचा नसेल तर ही साठवण कुठेतरी करावी लागेल. शंभर वर्षांपूर्वी मुंबईवरचा धूर घालवायला पाणी अडवलं. आता साऱ्या हवेतला धूर घालवायला अडवावं लागणार. तू विरोध करणार आहेस का?

शंकेखोर : आंधळा विरोध करणार नाही. पण तूच आत्ता धरणाची आखणी झाली तेव्हाची, १९१९ची भाषा जशीच्या तशी बोललास, हे तुझ्या लक्षात आलं का? तेव्हाही कारण खरं होतं. धूर खरा होता, कोळसा खरोखर महाग होता, वीज खरोखर लागत होती. खऱ्या कारणापुढेच माणसं सर्वांत सहज बाजूला सारली जातात, कारण हरकत घेणारा प्रगतीचा वैरी ठरतो. फरक आहे तो कायद्यात. मुळशीला १८९४चा भूसंपादन कायदा लागला. हरकत नोंदवून ती ऐकून घ्यायला लावण्याचं कलम त्यात आलं १९२३मध्ये, सत्याग्रह चालू असताना, आणि या खोऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही. आज २०१३चा कायदा आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते. पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी आहे. मावळ्यांनी चरांत बसून जे मागितलं ते आज कागदावर आहे.

हौशी : मग तुझी तक्रार मिटली?

शंकेखोर : कागदावर आहे म्हणालो. जनसुनावणीला जातं कोण? बाधित गावातले लोक, कंपनीची माणसं आणि दोन-चार कार्यकर्ते. ज्यांची वीज आहे ते शहर येत नाही, आणि त्या काठावर सुटीला जाणारा पर्यटकही येत नाही. तो येतो पाणी भरल्यावर. तुझ्यावर माझा आक्षेप शेवटी एवढाच उरतो : तू मुळशीवर फार उशिरा प्रेम केलंस. शंभर वर्षं उशिरा आलास तो काही तुझा दोष नाही, पण पुढच्या खोऱ्याच्या बाबतीत तो असेल.

हौशी : आणि माझा तुझ्यावर असा, की तू बुडालेल्याबद्दल इतकं बोलतोस की जे आज काठावर जिवंत आहे त्याच्याकडे तुझी पाठ असते. कोलाडचा शेतकरी, भजीवाला, जंगल, संध्याकाळची वीज, यांतलं तू काय सोडून द्यायला तयार आहेस, हे तू अजून सांगितलेलं नाहीस. मी निदान कबूल करतो की मला ते तळं आवडतं आणि त्याची वीजही हवी आहे. तुला नको असेल तर तसं म्हण.

शंकेखोर : नको म्हणता येत नाही, माझ्या घरातला दिवाही कुठल्या तरी खोऱ्यावर जळतो. मग एवढं तरी मान्य करू : मुळशीत कोण चुकलं यावर आपलं एकमत होणार नाही, आणि झालं तरी पाणी हलणार नाही. पण काठावरच्या घरांची जमीन त्यांच्या नावावर करणं आजही शक्य आहे, आणि त्याला ना कुंडलिकेचं पाणी कमी करावं लागतं, ना एक युनिट वीज. ते शंभर वर्षांत झालं नाही, याला कुठलंही तांत्रिक कारण नाही.

हौशी : हे मान्य. आणि वाचणाऱ्याला माझ्याकडून एवढंच : मुळशीला जरूर जा, मालेला थांबा. सह्याद्रीतल्या पुढच्या प्रकल्पाची जनसुनावणी वर्तमानपत्रात जाहीर झाली की तिथेही जा. बाजू कुठलीही घ्या.